सिंगापुरात भेटलेलं हळदीचं गोत

सिंगापूर बोटॅनिक गार्डन्समध्ये आम्ही सकाळी सातलाच शिरलो, तरी हवा अंगाला चिकटत होती. १८५९ साली सुरू झालेली ही बाग २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. प्रवेश मोफत. आईला उंच इमारती नको होत्या, झाडं हवी होती, म्हणून पहिला दिवस इथेच.

आधी टेंबुसूचं झाड गाठलं. ते बागेहूनही वयाने मोठं. त्याची एक जाड फांदी जमिनीलगत आडवी गेली आहे आणि हेच झाड पाच डॉलरच्या नोटेवर छापलेलं आहे. आईने पर्समधून नोट काढली आणि फांदी जुळवून पाहिली.

पुढे हिरवळीवर झोक्यावरची मुलगी दिसली. सिडनी हार्पली यांचं हे १९८४ मधलं ब्राँझशिल्प. सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल यांनी ते बागेला भेट दिलं. सायकलवरची मुलगीही हार्पलींनीच घडवलेली आणि मार्शल यांनीच भेट दिलेली. मला ही शिल्पं फार आवडली, कारण ती कुणा वीराची नाहीत, बागेत खेळायला आलेल्या पोरींची आहेत.

पण आमचा खरा वेळ गेला तो जिंजर गार्डनमध्ये. इथे आल्या-हळदीचं सगळं गोत एकत्र लावलंय, शिवाय केळ, कर्दळ, हेलिकोनिया ही लांबची भावंडं. छोट्या धबधब्याच्या पडद्यामागून वाट जाते, तिथे जरा गार वाटतं. टॉर्च जिंजरची गुलाबी फुलं मेणाची केल्यासारखी दिसतात. त्यांच्या कळ्या चिरून इथले लोक रोजाक नावाच्या कोशिंबिरीत घालतात, हे कळल्यावर आई त्या झाडापासून हलेना.

"अगं, हा बघ सोनटक्का!" ती मध्येच ओरडली. मग पाटी न वाचता नुसत्या पानांवरून झाडं ओळखायचा तिने सपाटाच लावला. बरीचशी बरोबर निघाली. मी तिच्या मागे पाट्या वाचत फिरले.

शेजारच्या नॅशनल ऑर्किड गार्डनला मात्र तिकीट आहे. बारमाही उन्हापावसाच्या या देशात ऑर्किडं चार ऋतूंच्या रंगांत लावली आहेत: वसंताला पिवळी, हिवाळ्याला पांढरी-जांभळी. १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल ठरलेली व्हँडा मिस जोकिमही इथेच पाहिली.

बाकावर टेकताच आईने घरी फोन लावला. पातोळ्यांसाठी गॅलरीत लावलेल्या हळदीला बाबांनी पाणी घातलं नव्हतं.