वसंताची गाणी, मफलर गुंडाळून

जानेवारीतल्या एका मंगळवारी रात्री, बाहेर उणे चार असताना, फ्रँकफर्टमधल्या एका चर्चच्या तळघरात आम्ही तीसेक जण 'आता लवकरच व्हायोलेटही फुलतील' असं गात होतो. निम्म्यांच्या गळ्यात मफलर, दोघांना खोकला आणि खिडकीच्या कडेला बर्फ. मला हसू आवरेना.

इथल्या हौशी कॉयरचं, म्हणजे समूहगायन मंडळाचं, असंच चालतं. जूनमध्ये गायची गाणी जानेवारीतच तालमीला घ्यावी लागतात. यंदा निघाली ती संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोनची १८४० साली छापलेली सहा गाणी. 'वसंताचा पहिला दिवस' असं त्या संचाचं नाव. शब्द उलांट, लेनाऊ, आयशेनडोर्फ अशा जर्मन भाषेतल्या कवींचे. पियानोची साथ नाही, चार प्रकारचे आवाज तेवढे. आणि वर सूचना : उघड्यावर गाण्यासाठी.

शाळेत 'वसंत ऋतू' या निबंधात मी इमानाने कोकिळा लिहायचे. पण आपला वसंत म्हणजे कैरीची डाळ, पन्हं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि टाळूवर ऊन. हिवाळा संपला म्हणून कुणाला हायसं वाटलेलं मी तरी घरी पाहिलं नाही. इथे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. मग फेब्रुवारीत सुपरमार्केटच्या दारात प्रिम्युलाच्या पिवळ्या कुंड्या मांडलेल्या दिसल्या, की माणसं थांबतात आणि एक उचलतातच. आमचं दुसरं गाणं याच फुलाचं. कवी त्याला विचारतो, इतक्या लवकर परत आलीस? तालमीला जाताना मीही एक कुंडी घेतली.

माझी खरी अडचण वेगळीच होती. मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात. लहानपणापासून सवय आरत्यांची. शेजारचा ज्या सुरात, त्याच सुरात आपण. भजनात बुवांनी ओळ टाकली की सगळे ती तशीच उचलतात. इथे शेजारीण जे गाते ते आपण गायचंच नाही! चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाकडे, आल्टोला कधी कधी अख्खी ओळ एकाच सुरावर. तीन आठवडे मी नकळत त्यांच्या चालीत घसरत होते आणि आमच्या संचालक बाई पेन्सिल आपटत होत्या. चंडोलाच्या गाण्यात मात्र मी सुखी. ते कॅनन आहे. एका आवाजाने सुरू केलेली चाल दुसरा मागून उचलतो, त्यामुळे ती माझ्याही वाट्याला येते, जरा उशिरा.

मेंडेल्सझोनची बायको फ्रँकफर्टची. १८३९च्या उन्हाळ्यात तो इथेच होता. शहराजवळच्या रानात स्नेह्यांनी सहल काढली आणि झाडांखाली त्याची गाणी म्हटली. रानातल्या त्या शांततेत आपल्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं, असं त्याने आईला पत्रात लिहिलं.

आम्हीही जूनमध्ये रानात गायलो, कवी गटेच्या (Goethe) नावाच्या मनोऱ्याजवळ. हा लाकडी मनोरा २०१७ साली आगीत गेला, २०२०मध्ये पुन्हा उभा राहिला. पण विमानतळही याच रानाला लागून. आयशेनडोर्फच्या गाण्याची सुरुवातच 'अद्भुत, गाढ शांतता' अशी. नेमकं तिथेच डोक्यावरून विमान. बाई हात वर धरून थांबल्या, विमान गेलं, आम्ही पुन्हा शांततेपासून सुरुवात केली.

शेवटचं गाणं मात्र शरदाचं! नाव वसंताचं आणि शेवट पानगळीत. कॉयरमधल्या काहींना ते वगळायचं होतं. मला विचाराल तर सहांत तेच सरस. 'होल्डर लेन्त्स, डू बिस्ट दाहिन', म्हणजे लाडक्या वसंता, गेलास की तू. बेकरीत कुणी 'लेन्त्स' म्हणत नाही, तिथे वसंत म्हणजे साधा 'फ्र्यूलिंग'. लेन्त्स आपल्या मधुमासासारखा, कवितेतच भेटणारा. आल्टोची ओळ इथे खाली उतरत जाते आणि पहिल्यांदाच मला सोप्रानोचा हेवा वाटला नाही.

रेकॉर्डिंग आईला पाठवलं. तिचा फोन आला, "छान आहे गं, पण यात तुझा आवाज कुठला ते काही कळलं नाही."

पुढच्या मंगळवारी मी हे बाईंना सांगितलं, तर त्या इतक्या खूश झाल्या की ते त्यांनी सगळ्या आल्टोंना ऐकवलं.