पाकळीचा ल

"ताई, हा ल आपला नाही."

पेंटरकाका शिडीवरूनच म्हणाले. माझ्या हातात प्रिंट होती: 'शेव, लाडू, चिवडा'. वहिनीच्या दुकानाची पाटी, अक्षरं मी कॉम्प्युटरवर मांडलेली. त्यातला ल दांडीचा, हिंदी वळणाचा. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काकांनी खडू लावलेला दोरा ताणून सरळ रेघ पाडली. ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला. करंगळी पाटीला टेकवून एका दमात डावी पाकळी वळवली, मग उजवी. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. दोन्ही पाकळ्या अगदी सारख्या भरल्या होत्या, मोजमाप न करता!

घरी येऊन शोधलं. राज्य सरकारच्या २००९च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं दिली आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र दोन्ही ल एकाच क्रमांकावर, दिसणार कोणता ते फाँट ठरवतो.

पहिलीत हाच पाकळीचा ल मी पाटीवर गिरवला होता. दिवसभर अक्षरांतच काम करते, तरी तो हातातून कधी सुटला कळलं नाही. सकाळपासून तेच मनाला लागून राहिलंय.

तुम्ही हाताने लिहिता तेव्हा कोणता ल उमटतो?