यादीतली सायकल

"काका, माझी सायकल पण लिहायची का?"

रामबागेतल्या घरी रात्री जेवणं झाल्यावर यादी करत बसलो होतो, पुतण्या मागे येऊन केव्हा उभा राहिला कळलंच नाही. दादा-वहिनी गेल्यावर त्याच्या प्रॉपर्टीचा गार्डियन म्हणून कोर्टाने मला नेमलं, कायदा १८९० चा, गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट, आणि आता ६ महिन्यांच्या आत सगळं लिहून द्यायचंय, घर, बँकेतले पैसे, घरातल्या वस्तू, येणं-देणं. घर विकणं तर सोडाच, ५ वर्षांहून जास्त भाड्याने द्यायचं तरी आधी कोर्टाची परवानगी. बरोबरच आहे म्हणा, काकालोक काय काय करतात ते ऐकलंय आपण.

वहिनीच्या पाटल्या सराफ्यात वजन करून आणल्या, चिठ्ठीवर ३८ ग्रॅम. दादाची स्कूटर, किंमत अंदाजे. पण ही सायकल, हँडलला दादाने स्वतः लाल टेप गुंडाळलेली, एका बाजूने सुटत आलीय, तिच्यापुढे आकडा काय टाकू?

"लिही ना," तो म्हणाला, "कोणी नेली तर?"

लिहिली. किमतीचा रकाना रिकामाच आहे, उद्या वकीलसाहेब ओरडणार. तुम्ही काय लिहिलं असतं?