टेनिस अंदाजाची वही: आता पॉइंटवरून रेटिंग

नव्याने आलेल्यांसाठी आधी एक खुलासा: इथे मॅचवर पैसे लावले जात नाहीत. २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत, आणि मला तसाही रस आहे तो सट्टेबाजारात मॅचला जो भाव फुटतो त्याला गाठण्यात. मॅचआधी शीटमध्ये जिंकण्याच्या शक्यतेचा माझा टक्का, शेजारी बाजाराचा शेवटचा भाव, निकाल लागला की दोघांचा ब्रायर स्कोअर, म्हणजे अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग. स्कोअर जितका कमी तितका अंदाज बरा.

भावाचा मात्र तसाच्या तसा टक्का धरू नका. दोन खेळाडूंचे भाव १.५० आणि २.६० असतील, तर ते उलटे केले (१ ला भावाने भागलं) की ६६.७ आणि ३८.५ येतात, म्हणजे बेरीज शंभराच्या पाच वर. ते पाच बुकीचे. ते काढल्यावर फेव्हरिटचे उरतात ६३.४, आणि माझी झटापट या आकड्याशी.

आतापर्यंत गाडी साध्या एलोवर, म्हणजे प्रत्येक निकालानंतर वर-खाली होणाऱ्या रेटिंगवर, चालली होती. रेटिंगमध्ये १०० चा फरक असला की वरच्याला जिंकायची शक्यता ६४ टक्के. तीन सेटांचे ६४ पाच सेटांत ६७ च्या आसपास जातात. अडचण अशी की एलोला फक्त हार-जीत कळते. २०१९ ची विम्बल्डन फायनल घ्या. फेडररचे पॉइंट २१८, जोकोविचचे २०४, आणि कप जोकोविचकडे. गेल्या वर्षी, २०२५ ला पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनच्या फायनलला सिनर १९३, अल्काराझ १९२, जिंकला अल्काराझ. अशा मॅचनंतर एकाचं रेटिंग भसकन वर आणि दुसऱ्याचं खाली, हे काही पटत नाही.

म्हणून आता सर्व्हिसवर आणि रिटर्नवर किती टक्के पॉइंट जिंकले, त्यावरून रेटिंग हलवतोय. सर्व्हिसवर ६० टक्के पॉइंट घेणारा गेम राखतो ७३.६ टक्के वेळा. तेच ६५ झाले की ८३. पाच टक्क्यांत एवढी उडी! म्हणून सर्व्हिसच्या आकड्यात दशांशाचीही हयगय चालत नाही.

पण नुसत्या पॉइंटवरही विसंबता येत नाही. त्या विम्बल्डनमध्ये फेडररने दुसरा सेट ६-१ असा धुऊन काढला, पॉइंटची आघाडी बरीचशी तिथली. तिन्ही टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की खेळायचा निर्णायक गेम) जोकोविचचे. त्यामुळे जुनं एलो मोडीत काढलेलं नाही, दोन्हींची सरासरी घेतोय.

जबरदस्त सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूंपुढे मॉडेल हात टेकतं. २०१९ ला बालेवाडीत अँडरसन-कार्लोविच फायनल होती, ७-६, ६-७, ७-६. अशा जोडीला कोणी ७० टक्के दिले तर मी आधी त्याचं शीट तपासेन.

क्लेचं, म्हणजे मातीच्या कोर्टाचं, रेटिंग वेगळं ठेवलंय. पॅरिसमध्ये ११२ जिंकून फक्त ४ हरणारा नदाल सरासरीत बुडवून चालणार नाही. बाकीच्यांच्या क्लेवरच्या मॅच मुळात कमी, म्हणून त्यांच्यासाठी निम्मं क्लेचं, निम्मं एकूण.

निकाल असा: जुन्या एलोपेक्षा ब्रायर खाली आला, बाजार अजून पुढेच आहे. फरक सगळ्यात कमी क्लेवर दिसतो.

आता निर्णायक सेटचा कोड दुरुस्त करायचाय. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये ६-६ ला दहा पॉइंटचा टायब्रेक आहे, त्याआधी प्रत्येकाचा नियम निराळा. कोणाकडे वर्षवार नियमांचं टेबल तयार असेल तर द्या, टायपिंग वाचेल.