जुन्या ठिबकचा दाणा: आमची वाटचाल

रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची बाग मोडली की बांधावर दोन ढीग पडतात, एक खोडांचा आणि दुसरा ठिबकच्या नळ्यांचा. खोडं कुजून मातीला मिळतात. नळ्या मिळत नाहीत, आणि आमचा धंदा त्या नळ्यांवरच चालतो. जळगावच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये आम्ही जुनी ठिबक विकत घेतो, दळतो, धुतो, वितळवतो आणि तिचा दाणा, म्हणजे नवीन वस्तू बनवायला लागणारे प्लास्टिकचे बारीक तुकडे, करून विकतो.

सुरुवात वडिलांच्या भंगाराच्या दुकानातून झाली. तिथे नळ्यांची वेटोळी यायची आणि तशीच पुढे व्यापाऱ्याकडे जायची. प्लास्टिक ओळखायला वडिलांना कुठलं यंत्र लागत नसे. तुकडा पेटवून बघायचे. मेणाचा वास आला तर पॉलिथिलीन, नाकाला झोंबला तर पीव्हीसी. तेवढ्यावर भाव ठरायचा. नुसतं इकडचं उचलून तिकडे देण्यात सुटतं किती, हा हिशोब घरात बरीच वर्षं चालू होता. शेवटी २०१५ साली बँकेचं कर्ज काढून एक ग्राइंडर, एक धुण्याची टाकी आणि एक जुना एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून जाळीतून ढकलणारं यंत्र, घेतला.

यंत्रांचं काम तसं सोपं आहे. वितळलेला माल जाळीतून शेवयांसारखा बाहेर पडतो, पाण्यात थंड होतो, कटर त्याचे दाणे पाडतो. अवघड आहे ते त्याच्या आधीचं. नळी पॉलिथिलीनची, पण तिच्यासोबत येणारे जॉइनर आणि तोट्या बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनच्या. ही दोन्ही प्लास्टिकं पाण्यावर तरंगतात, त्यामुळे टाकीत वेगळी होत नाहीत. पीव्हीसीचा तुकडा निदान बुडतो तरी! नळीतून थेंब सोडणाऱ्या काही ड्रिपरच्या पोटात सिलिकॉन रबराची चकती असते. ती वितळत नाही, थेट जाळीत जाऊन बसते. म्हणून आमच्याकडे सगळ्यात मोलाचं काम यंत्रावर नाही, निवडणीच्या ओट्यावर होतं. तिथल्या मावशी नळी हातात घेतल्या घेतल्या सांगतात, ही खाऱ्या बोअरच्या शेतातली आहे. आत क्षारांचा थर असतो आणि तो ग्राइंडरची पाती खातो.

‘जुन्या नळीची नवी नळी का करत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. आयएसआय मार्कच्या ठिबक नळीत बाहेरून आणलेला पुनर्वापराचा दाणा चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. वर्षानुवर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक पुन्हा वितळवलं की त्याची ताकद आणखी घटते. शिवाय ऊन सोसावं म्हणून नळीत दोन-अडीच टक्के काजळी घातलेली असते. त्यामुळे आमचा दाणा कायम काळाच. त्याची घमेली होतात, कुंड्या होतात, वायरिंगचे पाइप होतात. पुढे घमेलं फुटलं की ते पुन्हा भंगारात येतं, पण पहिल्यापेक्षा हलक्या मालाचं होऊन. ‘प्लास्टिक कितीही वेळा पुन्हा वापरता येतं’ असं पोस्टरवर लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या शेडमध्ये यावं. गंमत म्हणजे शेजारी चटईचे कारखाने आहेत, पण त्यांना लागतो पॉलिप्रॉपिलीनचा दाणा. भिंतीला भिंत लागून असूनही त्यांच्याशी आमचा व्यवहार चहापुरताच.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा नातेवाइकांनी फोन करून विचारलं, आता काय करणार? आमच्या मालाला तिचा धक्का नव्हता. धक्का बसला २०२० मध्ये. कच्चं तेल कोसळलं, नवा दाणा स्वस्त झाला आणि जुना घ्यायला कुणी तयार होईना. पुनर्वापर हा पर्यावरणाचा विषय असेल, पण त्याचा भाव तेलाच्या बाजारात ठरतो. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरपासून प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. व्यापाऱ्याकडून माल घेताना तो आधी भरायचा आणि विक्रीत वळता होईपर्यंत भांडवल अडकलेलं. तेव्हापासून आम्ही थेट शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन खरेदी वाढवली.

आता गावोगाव नवा प्रश्न दिसतो तो मल्चिंग पेपरचा. नाव पेपर, पण असतो तो पिकाभोवतीची माती झाकायचा पातळ प्लास्टिकचा पत्रा; आम्ही त्याला कागदच म्हणतो. कलिंगड, मिरची, पपई, सगळीकडे तो अंथरलेला असतो. जाडी साधारण २५-३० मायक्रॉन. बाजारातली पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नको असा नियम २०२२ च्या अखेरीपासून आहे, कारण पातळ पिशवी गोळा करणं कुणालाच परवडत नाही. शेतातल्या कागदाला मात्र हा विचार लागू नाही. वेष्टनाच्या प्लास्टिकची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. त्यांना पुनर्वापराची प्रमाणपत्रं दाखवावी लागतात, ती विकून आमच्यासारख्या कारखान्यांना चार पैसे मिळू शकतात. पण मल्चिंग आणि ठिबक म्हणजे वेष्टन नव्हे, म्हणून ती या हिशोबात येतच नाहीत. माझ्या मते ती यायला हवीत. आज हंगाम संपला की हा कागद बांधावर पेटवला जातो, नाहीतर रोटाव्हेटरखाली त्याच्या चिंध्या होऊन कायमच्या जमिनीत राहतात.

आम्ही तो घेऊन पाहिला. निम्मं वजन मातीचंच निघतं. धुवायला पाणी जास्त लागतं, मागे उरलेल्या गाळाची विल्हेवाट वेगळी. कोरडा झटकायचं एक जाळीचं पिंप आम्ही शेडमध्येच बनवलंय. त्याने माती बरीच सुटते, पण कागद ओला असेल तर तेही हात टेकतं.

त्यामुळे सध्या मल्चिंगला आम्ही भाव देऊ शकत नाही. ठिबक न्यायला गाडी येईल तेव्हा सोबत घेऊन जातो, भाडं आमचं. कागद जमीन वाळल्यावर काढलेला, झटकून गुंडाळलेला आणि तणाच्या मुळ्या काढलेला असावा. ठिबकच्या तोट्या आणि जॉइनर काढून वेगळ्या पोत्यात भरले तर नळीला किलोमागे जास्त भाव मिळतो, आणि त्या पोत्याचे पैसे वेगळे.