पेंटियमच्या शोधात: दोन टाकी ते लॅमिंग्टन रोड

मुंबईच्या चोरबाजारात जुनं कॉम्प्युटरचं सामान शोधायचं असेल तर शुक्रवारी जावं, आणि उजाडायच्या आत जावं. मटण स्ट्रीटवरची नेहमीची अँटिकची दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि रस्त्यावर पहाटेपासून ‘जुम्मा बाजार’ भरतो. ऊन चढलं की ताडपत्र्या गुंडाळायला सुरुवात. म्हणून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आदल्या सकाळीच कल्याणला उतरलो, डोंबिवलीत मावसभावाकडे मुक्काम टाकला आणि शुक्रवारी पहाटेच्या लोकलने आम्ही दोघं भायखळ्याला निघालो. “भावजी, एका रिकाम्या डब्यासाठी एवढा आटापिटा?” असं वहिनीनं चहा देताना विचारून घेतलं होतंच.

डबा म्हणजे कॅबिनेट. सोलापुरात एक जुने कॉम्प्युटर क्लासेस बंद पडले, तिथलं सामान भंगारात निघालं, त्यातून हे उचललं होतं. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक, पुढे चावीचं कुलूप, वेग बदलायचं टर्बोचं बटण आणि मेगाहर्ट्झमध्ये वेग दाखवणारे हिरवे आकडे. हे आकडे काहीही मोजत नाहीत. मागे जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या असतात, त्या लावाल तो आकडा समोर दिसतो. १३३ च्या मशीनवर १६६ दाखवायला कुणाचीच आडकाठी नव्हती, आणि फी भरून आलेल्या पोरांना ते कळायचं काही कारण नव्हतं.

भाच्याचं म्हणणं, “मामा, आत एक रास्पबेरी पाय टाक, सगळे गेम एमुलेटरवर चालतात.” रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि एमुलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. गेम चालतात, खरंच. नुसते गेम खेळायचे असतील तर तेच शहाणपणाचं आणि स्वस्तही. पण मग कॅबिनेट शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचं उरतं. मला त्यात १९९७ चं, इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचं मशीन हवं होतं. अडचण अशी की हे एटी, म्हणजे जुन्या मापाचं कॅबिनेट. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे नवं माप आणलं, त्यानंतर हळूहळू सगळे मदरबोर्ड त्या मापाचे झाले. एटीच्या मागच्या पत्र्याला कीबोर्डसाठी एक गोल भोक आणि कार्डांच्या फटी, एवढंच. तेव्हा बेबी एटी, म्हणजे एटीच्या छोट्या मापाचा आणि पेंटियम बसेल अशा सॉकेट ७ चा बोर्ड शोधणं आलं.

दोन टाकीला टॅक्सी सोडली तेव्हा अंधारच होता. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात बाजार चाललेला. बूट, रिमोट, चार्जर, ड्रिल मशीन, एका ताडपत्रीवर तर फक्त डाव्या बाजूचे आरसे. पलीकडे भेंडीबाजाराच्या पुनर्विकासाचे टॉवर उभे आणि खाली हे. बोर्डवाले शोधायला वेळ लागला नाही. मेथीच्या जुड्या रचाव्यात तसे हिरवे बोर्ड एकावर एक रचलेले, शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा.

“नग पे नहीं, किलो पे,” त्यानं आधीच सांगून टाकलं.

प्रोसेसर मात्र वेगळ्या डब्यात. मी पेंटियम विचारला तर म्हणाला, “सिरॅमिकवाला नहीं मिलेगा. वो सोनेवाले ले जाते हैं.”

इथे सगळं कोडं उलगडलं. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरांना सोन्याचा मुलामा भरपूर असायचा. पिनांवर सोनं, काहींच्या डोक्यावरच्या झाकणावरही सोनं. त्यामुळे पेंटियमच्या आधीचे ४८६ आणि सुरुवातीचे पेंटियम गेम खेळणाऱ्याच्या हाती लागण्याआधी वजनावर जातात आणि ॲसिडमध्ये संपतात. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये ई-कचरा फोडण्यावर कितीतरी घरं चालतात. त्या धुरात काम करणाऱ्यांना ‘जुना ठेवा जपा’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण परिणाम असा की जे चांगलं बनवलं होतं ते आधी वितळलं आणि जे स्वस्तात बनवलं ते उरलं. १९९७ च्या जानेवारीत आलेला पेंटियम एमएमएक्स बहुतेक प्लॅस्टिकच्या पॅकेजात यायचा. सोनं कमी, म्हणून तो वाचला.

ढिगातून पहिला निघाला तो ४८६ चा बोर्ड. मन हललं, पण कोपऱ्यातली निळी नळकांडी बॅटरी पाझरली होती. तिच्याभोवती हिरवट पांढरी बुरशी चढलेली, नखाने खरवडली तर तांब्याच्या रेषाही बरोबर निघाल्या. परत ठेवला. बऱ्याच खाली एक बेबी एटी सापडला. बटण सेल, म्हणजे पाझरण्याची भीती नाही. टॉर्च तिरपा धरून कपॅसिटरांची डोकी पाहिली, एकही फुगलेलं नव्हतं. सॉकेटची दांडी सरळ, जुन्या कार्डांसाठीच्या आयएसएच्या तीन काळ्या फटी शाबूत आणि पंख्याखाली चक्क एमएमएक्स १६६. मावसभावाने चेहऱ्यावर काही न दाखवता घासाघीस केली. तो तेवीस वर्षं डोंबिवली लोकलने जातो, त्याच्या चेहऱ्यावर तसंही काही दिसत नाही. बोर्ड वजनावर, प्रोसेसरचे वेगळे, आणि रॅमच्या दोन पट्ट्या “ऐसेही रख लो”.

लॅमिंग्टन रोडची दुकानं उघडायला अवकाश होता, म्हणून मौलाना शौकत अली रोडने रमतगमत निघालो. पिला हाउसची जुनी थिएटरं, कामाठीपुऱ्याची तोंडं, हातगाड्या. मग एका इराण्याकडे ब्रून मस्का. माझ्या पाठीवरच्या सॅकमधून बोर्ड डोकावत होता, त्याकडे गल्ल्यावरच्या बावाजींनी एकदा पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचं नाव लोकांच्या तोंडून काही गेलं नाही. नव्वदीत कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हणजे कोल्हापूर-सोलापूरची माणसंही इथे यायची, कोटेशनचे कागद घेऊन दुकान-दुकान फिरायची. आता सीसीटीव्ही, राउटर, एलईडीच्या माळा आणि रंगीत दिवे लावलेली ग्राफिक्स कार्डं. आयएसए साउंड कार्ड विचारलं की काउंटरवरचा पोरगा आधी स्पेलिंग विचारतो.

शेवटी एकानं जिन्याकडे बोट दाखवलं. वर, पोटमाळ्याएवढ्या खोलीत, एक मराठी काका एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय दुरुस्त करत बसले होते. मी गरज सांगितली. काही न बोलता त्यांनी टेबलाखालून पत्र्याचा डबा ओढला. आत ईएसएस कंपनीच्या १८६८ चिपचं साउंड कार्ड. त्या काळच्या नावाजलेल्या साउंड ब्लास्टर प्रो कार्डाचं सोंग बरोबर वठवणारं, आपल्याकडच्या स्वस्त मशीनमध्ये हमखास असायचं ते.

“एटीचा सप्लाय आहे का घरी?” त्यांनी विचारलं.

“कॅबिनेटमध्येच आहे, पण चालू करून पाहिला नाही.”

“नकाच करू. आधी कपॅसिटर बदलून घ्या. आणि बोर्डाला दोन प्लग लागतात ना, ते लावताना काळं काळ्याशेजारी. उलटं लावलंत तर बोर्ड गेला.” मग थोडं थांबून, “पुढच्या बटणात थेट २३० व्होल्ट येतात, ठाऊक आहे ना? पोरंबाळं असतील तर इन्सुलेशन बघा.”

कार्डाचे पैसे घेतले, सल्ल्याचे घेतले नाहीत. कपॅसिटरांची यादी मात्र त्यांनी सिगारेटच्या पाकिटामागे लिहून दिली आणि ते खालच्याच दुकानात मिळाले.

रात्री परतीच्या सिद्धेश्वरमध्ये समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी पिशवी पाहून विचारलं, “इन्व्हर्टरचं का?” मी हो म्हणालो. पेंटियम समजावण्याइतकी ताकद उरली नव्हती.

घरची जोडणी सोपी गेली, कारण खरं काम बाजारातच झालं होतं. कॅबिनेटचा पिवळेपणा घालवायला केसांच्या डाईबरोबर मिळणारं १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम चोपडलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि गच्चीत ठेवलं. सोलापूरच्या उन्हाला शिव्या देण्यात जन्म गेला. या कामात मात्र त्याचा हात कुणी धरणार नाही. हार्ड डिस्कऐवजी तिच्याच आयडीई जोडणीत बसणाऱ्या अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड बसवलं. त्यावरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम डॉस ६.२२ एका पार्टिशनला २ जीबीच्या वर जात नाही, पण त्या काळचे गेम त्यात पोत्याने मावतात. मशीन सुरू होताच चालणाऱ्या ऑटोएक्सेक फाइलमध्ये साउंड कार्ड कुठे आहे ते सांगणारी ब्लास्टरची ओळ लिहिली, ए२२० आय५ डी१, आणि डूममध्ये पहिली गोळी सुटल्याचा आवाज आला. फार जुने गेम या मशीनवर खेळता येऊ नयेत इतके सुसाट पळतात. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरच्या आतली कॅश ही वेगवान मेमरी बंद केली की मशीन त्याहून जुन्या ३८६ च्या चालीवर येतं. टर्बोचं बटण या बोर्डाला जोडायची सोयच नाही, ते नुसतं दाबायला आहे.

भाच्याने प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू केला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. त्याला गेम सुरू करताना चीट म्हणून ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करायला शिकवलं, शिफ्ट-एल दाबून लेव्हल ओलांडायला शिकवलं. आमच्या लॅबमध्ये अभ्यासक्रमाबाहेरचं एवढं एकच ज्ञान सगळ्यांकडे असायचं.

आता एक फट रिकामी आहे आणि तिथे ३डीएफएक्स कंपनीचं वूडू हे ३डी ग्राफिक्सचं कार्ड हवं आहे, १९९६ चं, पहिलंच. पण ते किलोवर मिळण्याचे दिवस गेले. त्या ताडपत्रीवाल्याला मी नाव सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइल काढला, परदेशातला भाव पाहिला आणि मला दाखवून म्हणाला, “ये आया तो पहले मैं उधर बेचूंगा, भाईसाब.”