तिने शर्ट धुऊन टाकले

बाबा गेले, आणि आईने त्यांचे सगळे शर्ट धुतले. इस्त्री केली, घड्या घातल्या, देऊन टाकायच्या पिशवीत भरले. मला विचारलंही नाही. सकाळपासून तेवढंच टोचतंय.

गेलेल्या माणसाचा वास टिकवायचा असेल तर न धुतलेला, पण पूर्ण कोरडा कपडा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत हवा काढून ठेवायचा. दमट राहिला तर बुरशी धरते, सारखा उघडला तर वास उडून जातो. मला सगळं पाठ आहे. ठेवायला कपडा तेवढा नाही.

खरं तर कपाट आवरताना ढीग तीन करायचे. ठेवायचं, द्यायचं, आणि आत्ता ठरवायचं नाही. दोघींपैकी एक जरी अडली तरी वस्तू तिसऱ्यात. तो ढीग मोठाच होतो, होऊ द्यावा. खोक्यावर तारीख घालून वर्षभर माळ्यावर टाकावा, कारण एकदा दिलेलं परत मागता येत नाही. आमच्याकडे ढीग एकच झाला. म्हणजे बाबा तिचेच होते, असंच ना?

बरं, ‘ती अजून नकाराच्या पायरीवर असेल’ असं कुणी सांगू नये. नकारापासून स्वीकारापर्यंतच्या त्या पाच पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ साली मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे उरलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हे. त्यापेक्षा शोकाचे अभ्यासक स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं पटतं. शोकातला माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी बँक, वारसनोंद, कपाटं अशा कामांना लागतो. हे येणंजाणं चालूच राहतं आणि दोन्ही लागतं. घोळ होतो तो दोघींचे फेरे जुळत नाहीत म्हणून. मी रडत असते तेव्हा ती कागद लावत असते. तिचा बांध फुटतो तेव्हा मी फोनवर वीजबिलाचं नाव बदलून घेत असते. मग मला ती कोरडी वाटते, तिला मी.

त्यात एकमेकींना जपणं. माझे डोळे भरले की ती विषय बदलते, तिचे भरले की मी. असं जपत जपत घरात बाबांचं नावच निघेनासं झालंय. नवरा जाणं आणि वडील जाणं एकच नाही, हे कळतं. तरी विचारायला काय झालं होतं?

कदाचित तिला धुतल्याने बरं वाटत असेल. मला न धुतल्याने वाटलं असतं. घरात मशीन एकच, आणि ते तिच्या ताब्यात. चालायचंच.

आता चष्मा राहिलाय. ‘ठेवायचा का?’ असं विचारणार नाही, त्यावर ‘तुझी मर्जी’ एवढंच येईल. ‘कुठे ठेवायचा?’ असं विचारेन. भांडण होईल, पण निदान बाबांवरून होईल.